राजाराम घाडीगावकरचा सुटणारा सांधा

राजाराम घाडीगावकरची टॅक्सी आमच्या लालबागच्या चाळीच्या फाटकाशी उभी राहिली की येणारा-जाणारा आधी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत डोकावे, मग राजारामकडे बघे आणि विचारायचं काहीतरी राहूनच गेलं अशा चेहऱ्याने पुढे जाई. आत ड्रायव्हरची सीट नव्हती. सीटच्या जागी देवदारी फळ्यांचं खोकं होतं. खोक्यावर गोणपाटाची गादी, गादीत गिरणीतलं वाया गेलेलं सूत. खोक्याच्या पुढच्या अंगाला एक रुंद चामडी पट्टा होता, तो पेडलांजवळ गाडीच्या तळाला ठोकलेल्या कडीत अडकवलेला. इतका बंदोबस्त ड्रायव्हरसाठी आहे की बैलासाठी, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नसे. दुसऱ्यांदा बघणाऱ्यालाही खात्री नसे.

हे छप्पन सालातलं. त्या वर्षी लालबाग-परळात संशय घेणं हे नागरिकाचं कर्तव्य होऊन बसलं होतं. जानेवारीत मोर्च्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या, आणि तेव्हापासून चाळीत नवा माणूस शिरला की तो कुणाकडून आला हे आधी ठरवलं जाई आणि कुणाकडे आला हे नंतर विचारलं जाई. नोव्हेंबरात राज्य द्वैभाषिक झालं. त्याच सुमारास राजारामची टॅक्सी द्विचालकी झाली. दोन्ही व्यवस्था संबंधितांना न विचारता झाल्या.

गाडीचा मालक गिरगावातला एक शेठ. त्याने दिवसपाळीला राजारामला ठेवलं आणि रात्रपाळीला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रघुला. रघु ताडमाड. नुकताच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, भेटेल त्याला ताठ मानेने जय भीम घालणारा, आणि ती मान गाडीत बसताना मात्र नाइलाजाने वाकवणारा. राजाराम उंचीने असा बेताचा की नळावर हंडा भरायला गेला तर हंडाच चालत परत आल्यासारखा वाटे. हे त्याची बायको चंपाच सांगे. मूळच्या सीटचा रूळ गंजून अगदी मागच्या टोकाला अडकला होता. रघुची सोय झाली. राजारामला सीटच्या कडेवर टेकून पायाच्या अंगठ्याने क्लच दाबावा लागे.

गॅरेजवाला म्हणाला, नवा रूळ बसव. राजाराम म्हणाला, "लोखंड गंजता. चामडा गंजता खंय?"

आणि त्याने स्वतःच सीट केली. खोकं लोखंडी पट्ट्यांवर पुढे-मागे सरके, आणि पुढे ओढून धरायला तो चामडी पट्टा. पट्ट्याला भोकं. राजाराम बसताना पट्टा आखूड करी, रघु बसताना तो शेवटच्या भोकात टाकून खोकं पार मागे, टेकणापर्यंत सारी. कल्पना झकास होती. चाळीतल्या सुताराने बघून मान डोलावली. सुताराने मान डोलावली हे आम्हाला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण त्याने फक्त लाकूड बघितलं होतं.

पट्ट्याची गोष्ट मात्र मागून आली पाहिजे. राजाराम गिरणीत पट्टे सांधणारा होता. पूर्वी प्रत्येक सांच्याला, म्हणजे मागाला, स्वतःची मोटर नसे. छताखाली लांबच लांब शाफ्ट फिरे आणि तिच्यावरून एकेका सांच्यावर चामडी पट्टा उतरे. असा पट्टा बिनशेवटाचा असावा लागतो, आणि बिनशेवटाचं जनावर अजून जन्मलेलं नाही. म्हणून चामड्याची दोन टोकं वादीने शिवून एक करणारा माणूस लागतो. बाकीचे सांधणारे सांधा असा करत की चामडं फाटेल पण वादी हलणार नाही. राजारामची रीत वेगळी होती. त्याचा सांधा रोजची ओढ मुकाट सोशी. पण एकदम हिसका बसला तर वादी भोकांतून सरसर निघे आणि पट्टा लोळत खाली येई. मुकादम चिडत, सांचा बंद पडे. राजाराम म्हणे, पट्ट्यात माणूस सापडला तर हरायचं कोणी, माणसाने की पट्ट्याने?

माणूस एकदा सापडलाच. विणकाम खात्यातला शामराव साळुंखे, साताऱ्याकडचा, आमच्याच चाळीत राजारामच्या समोरच्या खोलीत राहणारा. त्याचा उजवा हात पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेला. हिसका बसला, सांधा सुटला, आणि हात सोलवटलेला पण पाची बोटांसकट बाहेर आला. त्या दिवसापासून गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, मयताच्या ओट्यावरसुद्धा शामराव तो हात उलटा-पालटा करून दाखवी आणि राजारामचं नाव घेई. राजाराम त्या वेळी दुसरीकडे बघे. इतका दुसरीकडे, की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जाई.

पुढे सांच्यांना मोटरी आल्या, पट्टे गेले आणि पट्ट्यांबरोबर राजारामही गेला. टॅक्सीचा बिल्ला मिळाला. गिरणीतून निघताना त्याने आठवण म्हणून पट्ट्याचा एक तुकडा मागून आणला होता. तोच तुकडा सीटला लागला. लांबी पुरेना, म्हणून मध्ये सांधा आला. सांधा अर्थातच राजारामच्या रीतीचा.

सीटवर संशय सगळ्यांनीच घेतला, फक्त ज्याचा घ्यायचा त्याचा घेतला नाही. एका हवालदाराने परळच्या नाक्यावर गाडी अडवली आणि खोक्याला काठी लावून विचारलं,

"ह्यात काय आहे?"

"हवा," राजाराम म्हणाला.

"पत्रकं आहेत?"

"बघा की."

हवालदाराने गादी उचलून बघितलं. आत राजारामच्या चपला आणि जेवणाचा डबा होता. डब्यात सुकटीची किसमूर. हवालदाराने वास घेऊन झाकण लावलं. काहीच सापडलं नाही, म्हणजे आधीच पोचवून झालं असणार, असं त्याचं मत पडलं आणि त्यापुढे तो राजारामला रोज अडवू लागला.

रोज अडवतात आणि रोज सोडतात, हे चाळीने गॅलरीतून पाहिलं आणि चाळीचं मत पडलं की राजाराम पोलिसांना आतल्या बातम्या देतो. चाळीतल्या मंडळाच्या बैठकीत तो आला की बोलणं एकदम वांग्याच्या भावावर येऊ लागलं. राजारामचा स्वतःचा संशय रघुवर होता. सकाळी पट्टा शेवटच्या भोकात असे, तो तिथेच असायला हवा हे माहीत असूनही राजाराम म्हणे,

"ह्यो माझ्या सीटीर कायतरी करता."

रघु म्हणे, "काका, मी फक्त बसतो. तुमच्या खोक्यात माझे गुडघे कानाला लागतात. आणखी काय करणार?"

खरा संशय एकट्या शामरावला आला, आणि तो त्याला त्या हातामुळेच आला. एका संध्याकाळी त्याने खिडकीतून हात घालून पट्टा चाचपला, सांध्यावर बोट फिरवलं आणि एकदम हात काढून घेतला, चटका बसावा तसा.

"राजाभाऊ, ह्यो त्योच सांदा हाय?"

"मग दुसरो खयचो?" राजाराम खूश झाला. त्याला वाटलं, आता कौतुक.

"आरं, ब्रेक मारताना माणूस पायानं पुढं रेटतो, म्हंजे बुडानं मागं रेटतो. जेवढा जोराचा ब्रेक, तेवढा पट्ट्याला हिसका. आन् हिसका बसला की तुजा सांदा सुटतो. म्हंजे गाडी थांबवायची येळ आली की तुजी सीट जाणार मागं, आन् तुजा आखूड पाय ब्रेकवरनं जाणार वर. मग थांबवायची कशी गाडी? पदर पसरून?"

"आजपावत सुटलो?"

"आजपतूर तू ब्रेक मारलायस कवा जोरात? टॅक्सी चालवतोस का पालखी?"

ओट्यावरची मंडळी हसली. हे हसणंच वाईट झालं. शामरावने बोट दाखवून सांगितलं, सांधा काढ, खोकं बोल्टने गाडीला आवळ. राजारामचा चेहरा लाल झाला.

"बोल्ट घातलो की माणूस अडाकलो. माणूस अडाकता नये, ह्या माझा पयल्यापासून म्हणणा. ह्याच सांध्यान तुझो हात वाचयलो, आणि त्याच हाताचा बोट माझ्या सांध्याक दाखवतंस?"

शामरावने हात खिशात घातला. दोघांचं बोलणं बंद झालं. शामराव जळतो, राजारामने ठरवलं. तो शेठकडे जाऊन चहाडी करणार, हेही ठरवलं. मधल्या काळात गाडी सरकारी तपासणीला न्यायची वेळ आली तेव्हा त्याने जुनी सीट परत बसवली, अंगठ्यांवर तोल सांभाळत गाडी नेली, पास करून आणली आणि संध्याकाळी खोकं पुन्हा जागेवर. तपासनिसाने कसलीच शंका काढली नाही. एवढ्या संशयी काळात एकच माणूस निःशंक निघाला, आणि तो नेमका शंका काढण्यासाठी नेमलेला होता.

सत्तावन्नच्या संक्रांतीनंतर राजारामच्या मुलीला, कमलला, बाळंतपणासाठी गिरगावच्या सासरहून आणायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी टॅक्सी; ती टॅक्सी बापाचीच असणार, ह्यात राजारामला कुणाचा सल्ला नको होता. चंपा पोळी लाटता लाटता म्हणाली,

"रघुक सांगा गाडी चालवूक."

"कित्याक? मी मेलंय?"

"नाय. म्हणान सांगतंय."

राजारामला रघुचा संशय होताच, आता चंपाचाही आला.

रविवारी सकाळी चंपाला मागे बसवून गाडी निघताना शामराव फाटकात उभा. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी.

"गिरगावात काम हाय. सोडशील?"

इतक्या दिवसांनी हा माणूस बोलतो, तेही टॅक्सीत बसण्यासाठी, आणि शेठ गिरगावातच राहतो. राजारामने मनात बेरीज केली आणि दार उघडलं. शत्रू डोळ्यांसमोर बसलेला बरा. गिरगावात पोचल्यावर कमलला आणायला चंपा वर गेली, शामराव मात्र जागचा हलला नाही.

"तुझा काम?" राजारामने विचारलं.

"झालं."

"बसल्या जाग्यार?"

"माजी कामं अशीच आस्त्यात."

परतीच्या वाटेवर काय बोलणं झालं हे कमल, शामराव आणि राजाराम या तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं आहे. जेवढं तिघांचं जुळतं तेवढंच लिहितो. मागे कमल आणि चंपा, कमलच्या मांडीवर ओटीचा नारळ. पुढे खोक्यावर राजाराम, शेजारी शामराव. दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा, आणि शामरावचा उजवा हात त्या दांड्याच्या अगदी जवळ, मांजर झोपल्याचं सोंग घेतं तसा पडलेला.

सात रस्त्याच्या नाक्याला राजाराम म्हणाला, "हात खंय ठेवलंस?"

"माजा हात हाय. कुटंबी ठेवीन."

"थय ठेवू नको."

"का? तुजा सांदा लाजतो?"

"बाबा, पुढे बघा," कमल मागून म्हणाली.

"बघतंय गो बाय. पुढे बघतंय आणि बाजूकय बघतंय. हो मेलो शेठचो माणूस आसा."

चिंचपोकळीचा पूल चढून गाडी उताराला लागली. पुलाच्या पायथ्याशी गल्लीतून बायकांचा मोर्चा अचानक रस्त्यावर आला. आडवा धरलेला लांब फलक, मागे पोरंबाळं कडेवर घेतलेल्या बाया, आणि "झालाच पाहिजे"च्या आरोळीत टॅक्सीचा हॉर्न कुणाला ऐकू जाणार? राजारामने आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकवर सगळा भार टाकला.

सांधा सुटला. राजारामच्या हातच्या प्रत्येक सांध्याने जसं सुटायचं, तसाच, वेळेवर आणि विनातक्रार. वादी सर्र करून निघाली, खोकं मागे गेलं, राजाराम उताणा झाला आणि त्याचे दोन्ही पाय स्टिअरिंगच्या चाकाच्या वर हवेत आले. गाडी उतरतच होती. शामरावने दांडा धरला आणि सगळा जीव एकवटून वर ओढला. गाडीने किंचाळून कूस बदलली, आडवी झाली आणि थांबली. तिचं नाक फलकाच्या कापडात शिरलं होतं.

मग मोर्च्यापुढची धिप्पाड बाई, राधाबाई नाव तिचं, झेंड्याची काठी घेऊन खिडकीशी आली. आत बघितलं तर चाकाशी कुणीच नाही.

"अगं बया! ड्रायव्हर कुठाय?"

"हय आसंय," खालून आवाज आला.

"सरकारने बिनड्रायव्हरची गाडी सोडली आपल्यावर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हे सगळ्यांना ताबडतोब पटलं. चार हातांनी दार उघडून राजारामला बाहेर काढलं.

"कुणी पाठवला रे तुला?"

"कुणाचा माणूस तू?"

"बोल की! मोर्च्यावर गाडी घालतोस?"

कमलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, तो माझा बाप आहे, सरकार नाही! मी दिवसांतली बाई आहे आत, दिसत नाही का?"

राधाबाईने कमलकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. "दुखतंय का गं कुठं?"

"नाही. नारळ पडला फक्त."

नारळ घरंगळत पेडलांखाली जाऊन बसला होता. राजाराम तो काढायला वाकला, आणि नारळाऐवजी त्याच्या हाताला पट्टा लागला. त्याने तो वर उचलून उन्हात धरला. चामडं धड होतं, वादी धड होती, एकही भोक फाटलं नव्हतं.

"तुटूक नाय," तो म्हणाला. "बघा. सुटलो." आवाजात जुनी ऐट होती. मग त्याचं लक्ष फलकामागे उभ्या असलेल्या बाईकडे गेलं. तिच्या कडेवर पोर होतं आणि त्या पोराचा पाय गाडीच्या नाकाला टेकला होता. राजारामने पट्टा खाली घेतला.

शामराव अजून आतच होता. त्याचा हात दांड्यावरून निघत नव्हता. चंपाने मागून वाकून एकेक बोट सोडवलं. "भावजी, सोडा आता. थांबली." आणि मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मीच बोलवलंय ह्यांका. शेठान नाय."

राजारामला पुन्हा त्या गाडीत बसू द्यायला बायका तयार नव्हत्या. त्याचं निरपराधित्व त्यांना तत्त्वतः मान्य झालं होतं, पण हातात चाक द्यावं इतकं नाही. शेवटी कमल आणि चंपा आत, शामराव हँडब्रेकशी, राजाराम खिडकीतून हात घालून चाक धरत बाहेरून चालतोय आणि मोर्चा मागून गाडी ढकलतोय, अशी मिरवणूक लालबागपर्यंत आली. राधाबाईने राजारामच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई चालवली होती, पळून जाऊ नये म्हणून. गॅलरीतून चाळीने हे दृश्य बघितलं. पोलिसांचा माणूस मोर्च्याच्या पुढे चालतोय, ह्याचा अर्थ लावायला चाळीला आठवडा लागला.

दुसऱ्या दिवशी रघुने जुन्या सीटसाठी गॅरेजमधून नवा रूळ आणला. राजाराम शेजारी उभा राहून बोल्ट आवळले जाताना बघत होता. रघुने पाना ठेवला, तेव्हा राजाराम पुढे झाला आणि त्याने प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळला. रघु म्हणाला, "काका, माझ्यावर भरवसा नाही?"

"माझ्यार नाय," राजाराम म्हणाला. रघुला ते नीट ऐकू आलं नसावं, किंवा त्याने तसं दाखवलं.

बिल्ला वाचला, कारण शेठपर्यंत बातमी गेली नाही. आमच्या चाळीतून न गेलेली ही एकमेव बातमी असावी.

पुढच्या महिन्यात कमलला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी खोलीच्या आढ्याला पाळणा टांगला. दोरी नवी, बाजारातून आणलेली. ती राजारामने आणली खरी, पण गाठी मारायला तो पुढे झाला नाही. गाठी चाळीतल्या दोघा-तिघांनी मारल्या. बायका जमल्या, कमल बाळ घेऊन पुढे आली, तेवढ्यात दारातून शामराव म्हणाला, "थांबा जरा."

तो आत आला. त्याने उजव्या हाताने पाळण्याची दोरी पकडली, पाय उचलले आणि दोरीला लोंबकळला. आढं करकरलं. बायका ओरडल्या. त्याने एक हिसका दिला, मग आणखी एक, गुडघे छातीशी घेऊन. दोरी हलली नाही.

"आता घाला," शामराव खाली उतरून म्हणाला.

ह्या वेळी राजारामला राग आला नाही. त्याने शामरावला बसायला पाट सरकवला. बाळ पाळण्यात गेलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या सुरू झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे बसले. पाळणा झुलू लागला आणि बायका पाळणा गाऊ लागल्या. राजाराम मात्र पाळण्याच्या खाली उकिडवा बसला होता, दोन्ही तळहात वर करून, पाळणा जाईल तिकडे हात नेत.

"बाबा, उठा की आता," कमल म्हणाली. "शामरावकाकांनी बघितलंय ना ओढून?"

"बघितल्यान," राजाराम म्हणाला. "तुमचा गाऊन होऊ दे."